कानातलं बोळं

मागं कोण हसलं आत्ता? नाव सांगू नका, मला ऐकू यायचं न्हाय. पर तोंड हाललेलं बघितलं मी. "कानात बोळं मेल्यावर घालत्यात," असंच म्हणालासा न्हवं? हे मी ओठांवरनं बरोबर वळखतो. त्यो इनोद माझाच हाय.

मी जोतीराम. ह्या कारखान्यात फेटलिंगला सव्वीस वर्सं काढली. साच्यातनं निघालेल्या नगाची कड ग्राइंडरनं घासायची, दिवसभर. कान कसं जपायचं हे स्नेहल मॅडमचं शिकवून झालं की त्या दर खेपंला म्हणत्यात, "काका, नवीन लोकांना आता तुम्ही सांगा." म्हणून हुबा ऱ्हायलोय. भाषण येत न्हाय मला. झालं ते सांगतो. मधी उठू नका.

तीन वर्सांमागं मॅडम पयल्यांदा आल्या. हीच शेड, हीच बाकडी. त्या म्हणाल्या, "हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागत असेल, तर तिथला आवाज कानाला घातक आहे असं समजा." मी म्हटलं, "मॅडम, आमी जेवाय वाढ म्हणून सांगायचं तरी वरडूनच सांगतो. कोल्हापूर हाय हे!" शेड नुसती फुटली हसून.

त्यांनी राग मानला न्हाय. म्हणाल्या, आधी बारीक आवाज जातात. पाखरांचे, लहान पोरांचे, फोर्कलिफ्ट मागं येताना पी पी वाजते त्यो. दुखत न्हाय, रगत येत न्हाय, म्हणून कळत न्हाय. आन गेलेलं परत येत न्हाय. मग कानात घालायचं हेच पिवळं, दोरीचं बोळं समद्यांना वाटून दिलं.

सयाजी माझ्या शेजारी बसलाता. माझ्या बायकूचा धाकटा भाऊ. मीच त्याला हितं कामाला लावल्याला, तवा कामाला लागून बारा वर्सं झाल्ती त्याला. सांगितलेलं ऐकणारा माणूस. मॅडमनी दाखवलं तसं त्यानं बोळा बोटांत बारीक वळला, दुसऱ्या हातानं कान वर-मागं वढला, आत सरकवला आन तीस आकडे मोजंस्तवर बोट धरून बसला. आख्ख्या शेडमधी पयला त्यो. आन मी, जिभंला हाड न्हाय माझ्या, वरडलो, "आरं काढ की सया! कानात बोळं मेल्यावर घालत्यात. तू जित्ता हायस अजून!"

बास. सयाजी लाजला, हसला, काढलं त्यानं बोळं. त्याच्या मागनं कुणीच घातलं न्हाय. ज्यो घालंल त्याला आठवडाभर 'मढं' म्हणून हाक मारायची, ही पद्धतच पडली. मी माझं बोळं मोटरसायकलच्या आरशाला बांधलं. लै भारी वाटलं तवा. आग लागो त्या भारीपणाला.

दोन वर्सं गेली. सयाजी आदीपेक्षा मोठ्यानं बोलाय लागला. कुणाच्या ध्यानात यावं? आमच्यात हळू बोलला तर आजारी हाईस काय म्हणून इचारत्यात. त्याची तेजस्वी, सात वर्सांची पोर, मागनं हाक मारायची आन ह्यो वळायचा न्हाय. पोरगी रुसून बसायची. माझी बायकू म्हणायची, सयाजी माजलाय. मी म्हणायचो, दमतोय गं त्यो. खरं सांगू? मला कळत हुतं. माझ्या बी कानात दिसभर रातकिडं वरडायचं. पर बोललो तर काम जाईल म्हणून भ्यालो. त्याच्याबद्दल बी बोललो न्हाय आन माझ्याबद्दल बी न्हाय.

मागच्या श्रावणात, जेवणाची सुट्टी संपली आन आमी आवारातनं परत येत हुतो. सयाजी धा पावलं फुडं. नगांनी भरलेली फोर्कलिफ्ट मागं मागं येत हुती. पी पी वाजत हुती म्हणं. म्हणं म्हणतो, कारण मला ऐकू आली न्हाय. दिसली तवा कळलं. वरडलो, "सया, बाजूला हो!" उभ्या शिरोली गावाला ऐकू जावं असा वरडलो. त्यो चालतच ऱ्हायला. खिशातनं तंबाखूची डबी काढत हुता.

घरी आणून अंघोळ घातली त्याला. जाणती माणसं म्हणाली, "जोतीराम, तू जवळचा, तू बस." कापूस माझ्या हातात दिला. आदी नाकात घातला. कानापाशी आलो आन हात आपसूक चालला. कापूस बोटांत बारीक वळला. दुसऱ्या हातानं कान वर-मागं वढला. आत सरकवला आन बोट तसंच धरून ऱ्हायलो. एक, दोन, तीन... कुणीतरी सोड म्हणत हुतं. मला ऐकू आलं न्हाय, तोंड दिसलं. तीस झाल्यावर सोडलं. मग दुसरा कान.

मॅडमनी शिकवल्यालं मी तवा पयल्यांदा केलं. सयाजीच्या कानात.

झालं सांगून. आता हातातली बोळ्यांची पाकिटं फोडा. फोडल्याचा आवाज मला यायचा न्हाय, तवा बोळं घातलं की हात वर करा. समद्यांचं हात बघितल्याबिगार मी बसणार न्हाय. मागं हसलं ते पावणं, तुमी आदी.