दह्यातले दाणे

एव्हांथियाने लेकीची वही उघडली आणि उभ्याउभ्याच चार पानं उलटली. कुठे खाडाखोड नव्हती, समासात लाल शाईचे फटकारे नव्हते. शेवटच्या पानाखाली बाईंनी आपणहून लिहिलं होतं : ‘मिर्सिनीत खूप फरक पडलाय.’

"बघ, स्ट्रातोस!" तिने वही नवऱ्याच्या नाकासमोर धरली. "कुठल्याही औषधाशिवाय. मी म्हणत नव्हते, पोरीला जरा वेळ द्या म्हणून?"

स्ट्रातोस शेजाऱ्यांची इस्त्री खोलून बसला होता. "छान आहे," म्हणाला आणि पुन्हा स्क्रू शोधू लागला.

मिर्सिनी नऊ वर्षांची. वसंतात व्होलोस शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासून एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही, असं सांगितलं होतं आणि कॅप्सूल लिहून दिल्या होत्या. एव्हांथियाने साफ नकार दिला. तिचा धाकटा भाऊ पास्खालिस लहानपणी असाच वारा प्यायलेला. गावातल्या कुणा वैद्याने त्याला औषधाचे थेंब सुरू केले, आणि पोरगं उंबऱ्यावर तासन् तास बसून राहू लागलं, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळायची. आजी मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "किती गुणी झालाय बघा!" हे औषध वेगळं आहे, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा समजावलं. एव्हांथियाच्या ते कानात शिरलं, मनात नाही.

त्याऐवजी ती स्वतः कंबर कसून बसली. पहाटे चारला बेकरीत, दुपारी घरी, आणि मग दहा मिनिटं गणित की बंदराच्या धक्क्यापर्यंत पळत जाऊन यायचं, पुन्हा दहा मिनिटं. दोन महिने. त्या वहीत तिला आपलाच घाम दिसत होता.

गुरुवारी बेकरीची भट्टी बिघडली आणि मालकाने सगळ्यांना घरी पाठवलं. उजाडताना ती परतली तेव्हा स्ट्रातोस दाढी करत होता. तिनेच वाटीत दही काढलं, वर मध ओतला आणि लेकीपुढे ठेवलं.

मिर्सिनीने चमच्याने दही ढवळून पाहिलं.

"आई, दाणे?"

"कसले दाणे?"

"बाबा घालतात ते. पांढरे, बारीक." बोलता बोलता तिचा हात तोंडावर गेला. "अय्या! तुला सांगायचं नव्हतं."

न्हाणीघरातला नळ बंद झाला. स्ट्रातोस गालाला फेस तसाच ठेवून दारात येऊन उभा राहिला.

"कधीपासून?"

"तीन आठवडे. तू कामावर असतेस त्या दिवशी."

"मी तिच्यासोबत बसून ऊर फोडतेय आणि तू—"

"बंदराच्या रस्त्यावर ती ट्रकपुढे धावली, एव्हांथिया. कबुतरामागे. कॉलर हातात आली म्हणून वाचली." त्याचा आवाज खाली गेला. "तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, हात का सोडलास. आणि खरंच सोडला होता."

एव्हांथिया खुर्चीत बसली. ती टेबलावरचा मधाचा थेंब बोटाने पसरवत राहिली. मग लेकीकडे वळली.

"ते दाणे म्हणजे औषध आहे. ठाऊक होतं तुला?"

"हो. बाबांनी सांगितलंय."

"खाल्ल्यावर कसं वाटतं?"

मिर्सिनीचे पाय खुर्चीच्या दांडीवर आपटत होते.

"दुपारी डबा खावासा वाटत नाही. आणि वर्गातली नेफेली म्हणते, तू आता हसवत नाहीस." तिने चमचा दह्यात फिरवला. "पण बाई दिवसभर माझं नाव घेत नाहीत, आई. एकदाही नाही."

"आधी किती वेळा घ्यायच्या?"

"सारखं सारखं."

तिने ते इतक्या सहज सांगितलं की एव्हांथियाला तिच्याकडे बघवेना. दोन महिने तिने लेकीला पळवलं, बसवलं, समजावलं. हे मात्र कधी विचारलं नव्हतं.

"कॅप्सूलची डबी कुठंय?"

स्ट्रातोसने हत्यारांच्या पेटीतून डबी काढून दिली. तिने एक कॅप्सूल उघडली. थोडे दाणे मेणकापडावर सांडले. बोट ओलं करून तिने ते एकेक टिपले, दह्यात सोडले आणि वाटी पुढे सरकवली.

"दुपारी मी शाळेत येते," ती लेकीला म्हणाली. "डबा माझ्यासमोर खायचा. आणि सोमवारी डॉक्टरांकडे तिघं जाऊ. भुकेचं विचारू, नेफेलीचंही विचारू."

मिर्सिनी खाऊ लागली. स्ट्रातोसच्या गालावरचा फेस सुकत आला होता. त्याने डबी उचलायला हात पुढे केला.

"राहू दे," एव्हांथिया म्हणाली. "मालकाशी बोलून मी कामाची पाळी बदलून घेते. सकाळी मी असेन."

तिने डबी आपल्या पर्समध्ये टाकली आणि चेन शेवटपर्यंत ओढली.