तिथीचा रकाना

मी दीडशहाणी आहे, असं आई मला लहानपणापासून सांगत आली आहे. त्याचा पुरावा मी यंदा कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये स्वतःच्या हाताने तयार केला आणि वर तो पुठ्ठ्यावर चिकटवून सगळ्यांना दाखवला.

यंदा आमच्याकडे माहिती तंत्रज्ञान हा विषय सगळ्या शाखांना खुला झाला. एकाच लॅबमध्ये बीए, बीकॉम, बीएस्सी अशी सगळी खिचडी. उर्मिला मॅडमनी जोड्या लावल्या: एक आयटीचा, एक बाहेरचा. बाहेरच्याने आपल्या घरची, गावची खरीखुरी माहिती आणायची आणि आयटीच्याने तिच्यावर प्रोग्राम लिहायचा. माझ्या वाट्याला व्हेनेसा आली. बीए भूगोल, राहणार भाईंदरपलीकडच्या डोंगरी गावात, वडलांची मासेमारीची बोट. मी हाटकेशच्या कारखान्यांच्या वस्तीतली. माझे बाबा स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशचं काम करतात, म्हणजे मिरवावं असं माझ्याकडे काहीच नव्हतं. तरी तिला बघून मी नाक मुरडलं. आयटीची ना मी!

तिने मात्र भारी माहिती आणली. तिचे वडील लुईसकाका बावीस वर्षं एका जाड वहीत रोज लिहून ठेवत होते: तारीख, तिथी, किती टोपल्या बोंबील, किती टोपल्या जवळा. व्हेनेसाने गेल्या तीन वर्षांची पानं टाइप करून आणली. वहीसुद्धा आणली. वहीला सुक्या मासळीचा वास होता, म्हणून मी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली. तिच्यासमोरच.

प्रोग्राम तिथीच्या रकान्यावर अडकायला लागला. कुठे अष्टमी, कुठे आठम, कुठे नुसतंच आठ. दोन संध्याकाळी डोकं फोडल्यावर मी तो रकानाच उडवला.

"काढू नको ना तो," व्हेनेसा म्हणाली. "तिथीवरच तर सगळं असतं."

"अगं, हा डेटा आहे, पंचांग नाही. आणि तुम्ही ख्रिश्चन ना? तुम्हाला कशाला लागते तिथी?"

"भरती सगळ्यांना तीच येते," ती म्हणाली.

मी हसले. तिला म्हटलं, तू आलेखाचे रंग ठरव, बाकी माझ्यावर सोड. तिने निळा निवडला. मासळीचे आकडे एक दिवस आभाळात, आठ दिवसांनी जमिनीवर, असे वेडेवाकडे उड्या मारत होते. ते बरं दिसेना म्हणून मी महिन्याची सरासरी काढली. रेघ कशी छान सरळ झाली.

प्रदर्शनाच्या दिवशी लुईसकाका आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात नव्या चपला. त्यांनी आमच्या टेबलावरची वही पिशवीतून बाहेर काढली, पिशवीची नीट घडी केली आणि खिशात ठेवली. मग आलेख बघत उभे राहिले. इतक्यात मॅडम आल्या आणि आलेखाखाली चिकटवलेला रोजच्या आकड्यांचा तक्ता बघू लागल्या.

"रोजचे आकडे एवढे वरखाली का आहेत, समिधा?"

"रँडम आहेत मॅडम," मी ठोकून दिलं. "म्हणून सरासरी घेतली."

"येवढा सरळ समुद्र मी कदी बघितला न्हाय," काका हळूच म्हणाले. "यात तिथ कुठं हाय?"

मॅडमनी विचारलं, कसली तिथ? काकांनी चार वाक्यांत सांगितलं. पुनव-अमावस्येला उधाण, पाण्याला ओढ असते, जाळं भरतं. अष्टमी-नवमीला भांग, पाणी मरतं, जाळ्यात काही येत नाही. रँडम काही नव्हतं. तीन वर्षांचे आकडे एका रकान्यात उलगडत होते आणि नेमका तोच मी फेकून दिला होता.

"मग हा रकाना कोणी काढला?" मॅडमनी विचारलं.

माझे कान तापले. तोंड उघडायचं तेवढं बाकी होतं. मी मूग गिळून उभी राहिले.

"मी, मॅडम," व्हेनेसा म्हणाली. "टाइप करताना राहिला माझ्याकडून."

काकांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बरं," एवढंच म्हणाले आणि निघून गेले. मॅडमनी प्रोग्रामचे मला दहापैकी नऊ दिले. माहितीचे व्हेनेसाला चार.

जिन्यात मी तिला गाठलं. "असं का बोललीस?"

"तुझा मेन सब्जेक्ट आहे. मला चालतंय." मग चपलांकडे बघत म्हणाली, "पप्पांनाच वाईट वाटलं असेल. बोलणार नाहीत ते."

तेव्हाच मॅडमकडे जायला हवं होतं. गेले नाही. घरी नऊ मार्कांचा शिरा झाला आणि तो मी खाल्ला. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, तरीही खाल्ला.

आवराआवरीत वही माझ्याच बॅगेत राहिली. पुढे सुट्टी लागली. व्हेनेसाचे दोन मेसेज आले, वही आण ना, पप्पा कॅलेंडरच्या मागे लिहायला लावतायत. आज जाऊ, उद्या जाऊ करत मी पंधरा दिवस काढले. शेवटी भाईंदरहून बस धरली आणि डोंगरीला उतरले.

काका ओट्यावर जाळं विणत बसले होते. आतून व्हेनेसाने हात केला आणि चहा टाकला. मी वही त्यांच्या हातात दिली. बसमध्ये सगळं बोलणं घोकून आले होते, पण तोंडून निघालं ते असं: "काका, त्या आलेखात आमच्याकडून जरा चूक झाली."

"आमच्या म्हंजे कोनाच्या?"

मी जाळ्याकडे बघत राहिले. मग म्हटलं, "माझ्याकडून. तिथी मी काढली. व्हेनेसा नको म्हणत होती."

काकांनी वही उघडली. "हितपर्यंत माझं अक्षर. मंग डोळ्यांना कमी दिसाय लागलं. तवापासून हे सगळं हिचं. सातवीत व्हती." त्यांनी पानं उलटली. पानापानावर तेच गोल, टपोरं अक्षर आणि एकही तिथी सुटलेली नव्हती. "ती तिथ विसरल व्हय? मना तवाच कळलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही पानं महिनाभर माझ्याकडे होती. वासामुळे मी ती एकदाही उघडली नव्हती.

"मग तुम्ही मॅडमना बोलला का नाही?"

"पोरीनं शब्द टाकला व्हता. मी कशाला मोडू?" ते म्हणाले. "तू मोडशील म्हनून वाट बघितली."

"कॉलेज उघडलं की मॅडमना सांगते," मी म्हटलं. काकांनी वही माझ्यापुढे सरकवली आणि पेन दिलं. "लिव आजचं."

मी तारीख लिहिली. पुढच्या रकान्याशी पेन थांबलं. वर्गात पहिली येणाऱ्या मला आज कोणती तिथी आहे हे ठाऊक नव्हतं. आतून व्हेनेसाचा आवाज आला, "नवमी!"

मी नवमी लिहिलं. टोपल्यांच्या रकान्यात काय, विचारलं.

"काय न्हाय. भांग हाय, बोट किनाऱ्याला," काका पुन्हा जाळं हातात घेत म्हणाले. "तुमच्या कॉलेजात आलो त्या दिवशी बी नवमीच व्हती. न्हायतर मना येयाला कुठली सवड?"