प्रोबेशनवरचे शब्द

त्या रविवारी बऱ्याच दिवसांनी ऊन पडलं होतं. जानेवारीत चंदीगडचं धुकं आठवडा-आठवडा हटत नाही, आणि मग एका सकाळी अख्खा सेक्टर खाटा, खुर्च्या, लोणच्याच्या बरण्या आणि म्हाताऱ्या माणसांसकट बाहेर येऊन बसतो. आमच्या सरकारी क्वार्टरपुढे रुमालाएवढी हिरवळ होती. तिथे बाबा मटार सोलत होते, आई गुडघ्यांवर शाल घेऊन डिक्शनरी वाचत होती आणि मी माझ्या विद्यार्थ्यांचे पेपर तपासत होते.

"बोर्बोरिग्मस," आई म्हणाली.

"कोण?" बाबांनी विचारलं.

"कोण नाही हो. आत्ता तुमच्या पोटात जो आवाज झाला ना, तो."

"त्याला पोटात कावळे ओरडतात म्हणतात. त्यासाठी एवढं मोठं नाव कशाला?"

"कावळे सगळ्यांच्याच पोटात ओरडतात. हा आवाज निराळा आहे, नळात हवा अडकल्यासारखा. रेवा, करू का याला कन्फर्म?"

"मला काय विचारतेस," मी म्हटलं. "आस्थापना तुझी."

आस्थापना खरोखरच तिची होती. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात, आस्थापना शाखेत, आई सुपरिंटेंडेंट होती. नेमणुका, बढत्या, बदल्या, निवृत्त्या, सगळं तिच्या टेबलावरून जायचं. आणि गेली काही वर्षं ती इंग्रजीत लघुकथा लिहीत होती. मराठीत का नाही, असं मिरजेहून आलेल्या वसुधामावशीने एकदा विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "इथे मराठी वाचणारी चार घरं. त्यातल्या तिघांशी माझं वाकडं आहे."

तिचे शब्द अर्धे डिक्शनरीतून यायचे आणि अर्धे माझ्याकडून. मी सेक्टर चौतीसमधल्या एका कोचिंग क्लासमध्ये इंग्रजी शिकवायचे. अमेरिकेला निघालेली मुलं आणि बँकेत लागू पाहणारी मुलं, दोघांनाही अवघड शब्दांच्या याद्या पाठ कराव्या लागत. बसमध्ये उभ्या उभ्या पाठ करायची, परीक्षेत ओतायची आणि संध्याकाळपर्यंत विसरायची. जुन्या याद्या मी रद्दीसाठी घरी आणायचे. आई त्या चाळत बसायची. "बिचारे," ती म्हणायची. "एवढे शिकलेसवरलेले शब्द, आणि कुणी कामाला लावत नाही."

ती लावायची. पण कुठलाही नवा शब्द गोष्टीत लिहिला, तरी तिने तो सरळ कायम केला, असं कधी झालं नाही. आधी तो घरात प्रोबेशनवर. आठवडाभर त्याने आमच्यात वावरायचं, स्वयंपाकघरात, दूधवाल्याच्या बाबतीत, बाबांच्या बाबतीत. नीट बसला तर कन्फर्म. एका गोष्टीत अडखळला तर दुसऱ्या गोष्टीत बदली. बाबांनी बँकेतून व्हीआरएस घेतली त्या वर्षापासून, कुठेच न रुळणाऱ्या शब्दांना ती व्हीआरएसही द्यायला लागली. "मला लावलंस तसं त्यांनाही मटार सोलायला लाव," बाबा म्हणायचे.

त्या दिवशी 'व्हेलिइटी' प्रोबेशनवर होता.

"यांना गीझरचा वॉशर बदलायची व्हेलिइटी आहे," आईने मला सांगितलं. "म्हणजे इच्छा आहे. पण माणसाला खुर्चीतून उठवील एवढी नाही."

"आम्ही त्याला रविवार म्हणतो," बाबा म्हणाले, आणि एक मटाराचा दाणा तोंडात टाकला.

आई इतकी हसली की शेजारच्या ग्रेवाल आंटींनी कुंपणावरून विचारलं, "की गल्ल ए, पद्मजा जी?" आईने त्यांनाही हिंदीत व्हेलिइटी समजावून सांगितला. आंटी म्हणाल्या, हे तर आमच्या सरदारजींचं नाव असायला हवं होतं.

मग आईने शालीखालून कागद काढले. तिची नवी गोष्ट होती. सेक्टर सोळामध्ये महिन्यातून एकदा काही मंडळी जमून आपापलं लिखाण वाचायची. तिथे येत्या बैठकीत ही वाचायची होती, आईची पहिलीच. बैठक चालवणारे प्रोफेसर वालिया गोष्ट वाचून फोनवर म्हणाले होते, "मॅडम, कहानी बढ़िया है, बस भारी शब्द थोड़े कम कर दीजिए. लोग हँसेंगे."

"तू बघ," आई मला म्हणाली. "नको असतील ते काढ. तुला कळतं त्यातलं."

"बघते."

"पण एक सांगते. कारणे दाखवा नोटीस दिल्याशिवाय कुणाला काढायचं नाही. एकेकाला विचार, बाबा रे, तू इथे का आहेस? उत्तर देता आलं तर राहू दे."

मी पहिलं पान चाळलं.

"कशी झालीय?" तिने विचारलं.

"इथे कॉमा हवाय."

"कॉमा टाक ग. कशी झालीय?"

"नीट वाचून सांगते," मी म्हटलं. हे माझं नेहमीचंच होतं. पेपर तपासणाऱ्या माणसाचा हात आधी चुकीकडे जातो. तिला त्याची सवय होती. तिने डिक्शनरी मिटली, डोळे मिटले आणि उन्हाकडे तोंड करून बसली. मटार-भात झाला. संध्याकाळी धुकं परत आलं.

सोमवारी दुपारी ऑफिसात ती कपाटातून एक फाइल काढायला उठली आणि तिथेच खाली बसली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. मी वर्गात होते. निरोप मिळून इस्पितळात पोचले तेव्हा बाबा बाकावर बसले होते आणि त्यांच्या मांडीवर आईचा डबा होता. ऑफिसातल्या कुणीतरी आणून दिला असावा. त्यांनी मान हलवली. तेवढ्यावरून मला कळलं.

मिरजेहून माणसं आली आणि दिवस झाल्यावर गेली. ग्रेवाल आंटी रोज कढी नाही तर राजमा पाठवत होत्या. बाबांनी गीझरचा वॉशर बदलला. मी क्लासला जायला लागले. मुलं तशीच होती, याद्या तशाच होत्या.

फेब्रुवारीत वालिया सरांचा फोन आला. या महिन्याच्या बैठकीत पद्मजाजींची गोष्ट वाचावी, असं सगळ्यांच्या मनात आहे. मी वाचीन का? मी हो म्हटलं. मग ते जरा घुटमळले. "बेटा, वो शब्दों वाली बात... उनसे कही थी मैंने." मी म्हटलं, माझ्या लक्षात आहे.

गोष्ट साधी होती. एका विधुर हेडक्लार्कची बदली पिंजौरला होते. भाड्याच्या खोलीत आधीचा माणूस एक जाडजूड डिक्शनरी विसरून गेलेला असतो. पिंजौरमध्ये याच्या ओळखीचं कुणी नाही. ऑफिसात लोक कामापुरतं बोलतात. मग तो खोलीवर येऊन चहाच्या किटलीशी बोलायला लागतो, आणि बोलताना त्या डिक्शनरीतले शब्द वापरतो. बस, एवढंच. शेवटी काहीही होत नाही. त्याची परत बदली होते आणि डिक्शनरी तो तिथेच ठेवून जातो.

शब्द कमी करायला मला एक दुपार पुरली. हे माझं रोजचं काम आहे. 'बोर्बोरिग्मस' गेला, तिथे 'आवाज' आला. 'व्हेलिइटी' गेला, तिथे 'इच्छा' आली. 'क्रेपस्क्युलर'च्या जागी सगळीकडे 'संध्याकाळचा'. संपल्यावर वाचून पाहिली. स्वच्छ, नीटस गोष्ट. कुठल्याही मासिकाने छापावी अशी. हसण्यासारखं तिच्यात काही राहिलं नव्हतं. मला हवं होतं तेही तेवढंच. त्या हॉलमध्ये, आई नसताना, तिला कुणी हसू नये.

सराव म्हणून मी ती बाबांना वाचून दाखवली. ते मेथी निवडत होते. बँकेत असताना त्यांनी परिपत्रकांखेरीज फारसं काही वाचलं नव्हतं. आईच्या गोष्टी तर वाचायच्याच नाहीत, असा त्यांचा नियम होता, कारण एका गोष्टीतला कंजूष मॅनेजर त्यांच्यासारखाच चष्मा पुसायचा. पण या वेळी त्यांनी मन लावून ऐकलं.

"छान आहे," ते म्हणाले. "कुणाची आहे?"

मी कागद खाली ठेवले.

"बाबा, आईची."

"हिची?" त्यांच्या हातातली काडी तशीच राहिली. "बरं. मला वाटलं, तुमच्या क्लासच्या पुस्तकातली असेल."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईचे मूळ कागद घेऊन हिरवळीवर बसले आणि तिने सांगितलं होतं तसं केलं. एकेक शब्द समोर घेतला आणि विचारलं, बाबा रे, तू इथे का आहेस?

'बोर्बोरिग्मस'ने लगेच उत्तर दिलं. पहाटे त्या खोलीत किटली सोडून कुणाच्याच पोटात आवाज होत नाही, आणि हेडक्लार्क तिला म्हणतो, 'आज तुमचा बोर्बोरिग्मस फारच वाढलाय, डॉक्टरला दाखवा.' तिथे 'आवाज' घातला की तो माणूस पाणी उकळत बसलेला माणूस होतो. मूळ शब्द ठेवला की त्याच्या घरात दुसरं कुणीतरी असतं.

सगळ्यांचीच उत्तरं अशी होती. मला वाटत होतं, आई शब्द दागिन्यांसारखे घालते. तिने ते त्या माणसाला सोबतीला दिले होते. गावातलं कुणी ज्याच्याशी बोलत नाही, त्याला डिक्शनरीतली सगळ्यात दुर्लक्षित मंडळी नेऊन भेटवली होती. इंग्रजीतलं एवढं वाचलेली मी, आणि हे मला शब्द काढताना दिसलं नव्हतं.

एक मात्र सांगायला हवं. 'क्रेपस्क्युलर' चार वेळा आला होता आणि त्यातल्या तीन ठिकाणी त्याला काही उत्तर देता आलं नाही. त्या तिघांना मी काढलं. आईने हरकत घेतली नसती. घेतली असती तर आम्ही भांडलो असतो.

बैठकीला हॉल निम्मा भरला होता. निवृत्त प्राध्यापक, एक डॉक्टर, विद्यापीठातली काही मुलं, शेवटच्या रांगेत आईच्या ऑफिसातल्या दोघीजणी. बाबा पहिल्या रांगेत, मिरजेहून आणलेला स्वेटर घालून. वालिया सरांनी आईबद्दल चार चांगले शब्द सांगितले आणि मी वाचायला लागले.

पहिल्या पानाच्या अखेरीस किटली आली. मी 'बोर्बोरिग्मस' वाचलं आणि कुणीतरी फस्सकन हसलं. माझ्या कानशिलांत गरम झालं. मी पुढचं वाक्य वाचलं, डॉक्टरला दाखवा, आणि अख्खा हॉल हसला. मी वर पाहिलं. वालिया सरही हसत होते, चष्मा काढून. ऑफिसातल्या दोघी एकमेकींना कोपर मारत होत्या. ते तिला हसत नव्हते. हेडक्लार्कला हसत होते, आणि त्यांना तो आवडला होता.

मग मला भीती राहिली नाही. मी सावकाश वाचलं. जिथे हसायचं तिथे थांबले, जशी आई स्वतःच्या विनोदाआधी थांबायची.

शेवटून दुसऱ्या पानावर तो रविवारी पिंजौरच्या बसस्टँडवर जातो. चंदीगडची बस लागते. तो पाहतो. कंडक्टर दोनदा हाका मारतो. बस निघून जाते. दर रविवारी असंच. घरी आल्यावर तो किटलीला सांगतो, 'काही विशेष नाही. थोडी व्हेलिइटी होती. गेली.'

कुणी हसलं नाही. त्या हॉलमध्ये तो शब्द फारसा कुणाला माहीत असेल असं मला वाटत नाही, आणि मी अर्थ सांगितला नाही. गरज पडली नाही. विद्यापीठातल्या एका मुलीने हातातलं पेन खाली ठेवलं.

गोष्ट संपल्यावर टाळ्या बराच वेळ वाजल्या. वालिया सर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "अच्छा हुआ तुमने मेरी नहीं मानी." चहा आणि मठरी झाली. ऑफिसातल्या दोघी मला मिठी मारून रडल्या. मी त्यांच्या पाठीवर हात फिरवला. पुढच्या बैठकीला आईची दुसरी एखादी असेल तर आणा, असं डॉक्टरांनी सांगितलं. आहेत, मी म्हटलं. बऱ्याच आहेत.

बाहेर पार्किंगमध्ये थंडी होती. बाबांनी हेल्मेट चढवलं आणि स्कूटर स्टँडवरून काढली.

"लोक हसले," ते म्हणाले. "हसायचंच होतं ना तिथे?"

"हो."

"तसं असेल तर ठीक. मी जरा घाबरलोच होतो. मला यातलं काही कळत नाही ग. ती नेहमी म्हणायची, रेवाला विचारा, तिला कळतं."

त्यांनी किक मारली. स्कूटर थंडीने दोनदा नाही म्हणाली आणि तिसऱ्यांदा सुरू झाली. मी मागे बसले. त्यांच्या खांद्याशी तोंड नेऊन मी बोलले, पण हेल्मेटमधून ते आत पोचलं नाही.

"काय?" बाबा ओरडले.

आजूबाजूला माणसं आपापल्या गाड्या काढत होती. वालिया सर फाटकापाशी उभे होते.

"आई छान लिहायची," मी मोठ्याने म्हणाले. "बाबा, आई फार छान लिहायची!"