बुधवारचा फोन

सोनुनबू एजेंना खोटं बोलायची सवय नव्हती आणि नेमकं तेच काम गावाने त्यांच्या गळ्यात मारलं. त्या शाळेत इंग्रजी शिकवत. पोरं त्यांना एजे, म्हणजे ताई, म्हणत.

सोमवारी आठवीतल्या आइझिरेकची आजी कानिशाय शाळेच्या कुंपणाशी आली. आइझिरेकची आई मॉस्कोतल्या शिवणकारखान्यात त्या सकाळीच मशिनवर कोसळली होती आणि जागीच संपली होती. शवपेटी विमानाने यायला शुक्रवार उजाडणार होता.

"तोवर पोरीला चकार शब्द कळता कामा नये," आजी कोरड्या डोळ्यांनी म्हणाली. "अशी बातमी पांढऱ्या दाढीच्या माणसांनी सांगायची, पोरीला चारचौघांत बसवून. एकटीच्या कानात ओतायची नसते."

"अहो आजी, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?"

"उजाडू दे की. शुक्रवारी उजाडू दे. चार दिवस सुखाने जेवेल तरी."

रीतच ती. एजे कबूल झाल्या.

आता त्या आठवीच्या धड्याचं बघा. दीपगृहाच्या राखणदाराच्या मुलीची गोष्ट, आणि ती वाचण्याआधी पाठ करायचे तीस इंग्रजी शब्द. चहूकडे डोंगर न् मेंढरं, आणि पोरांनी घोकायचं काय, तर 'शोअर' न् 'स्टॉर्म'! पण आइझिरेकने वही भरून काढली होती. रोज संध्याकाळी आई फोनवर तिला पाच शब्द विचारायची. पंचवीस झाले होते. मग सोमवारपासून फोन कुणी उचलेना. "बिघडलाय तिचा," असं आजी सांगे, आणि मांसातला चांगला तुकडा नातीपुढे सरकवी.

बुधवारी मधल्या सुट्टीत पोर एजेंसमोर येऊन उभी राहिली.

"शेवटचे पाच तुम्हीच घ्या ना. अपाला नंतर सांगेन, सगळे आले म्हणून." आईला ती अपा म्हणे.

एजेंनी चार विचारले आणि वही मिटली.

"एक गाळलात की! लबाडी करता होय, एजे?" आइझिरेक हसली. "ऑर्फन. आईबाप नसलेलं, पोरकं मूल. बघा, येतो मला."

बाप तर पोर तान्ही असतानाच गेलेला.

"शाब्बास," त्या कशाबशा म्हणाल्या.

"शाब्बास कसली! अपा रागावलीय माझ्यावर." पोरीचा आवाज एकदम बसला. "रविवारी मी तिला म्हटलं, सारखं काय शब्द न् शब्द, कंटाळा आलाय मला तुझा. फोनबिन काही बिघडलेला नाहीये. ती मुद्दाम उचलत नाही."

आणि तिचे ओठ थरथरू लागले. एजेंना ते बघवेना.

"अगं वेडे, रागावेल कशाला? आज सकाळीच तिचा फोन आला होता मला, मैत्रिणीच्या फोनवरून. म्हणाली, माझी पोर गुणाची आहे, मला मुळीच राग नाही."

"खरंच?"

"तुझी शपथ."

पोर उड्या मारत बाहेर पळाली. एजे तिथेच फळ्याला टेकून उभ्या राहिल्या. शपथ कशाला घेतली आपण, असं त्यांना झालं.

शुक्रवारी अंगणात मयतासाठी जाड लोकरी नमद्याचा तंबू उभा राहिला. बायका रिवाजाप्रमाणे आत कनातीकडे तोंड करून बसल्या. पांढऱ्या दाढीच्या तिघांनी आइझिरेकला मध्ये घेतलं.

"मन घट्ट कर, पोरी. जन्माला आलेला जातोच. तुझी आई सोमवारी सकाळी गेली."

बायकांनी विलाप सुरू केला. आजीने नातीला कवटाळलं. चारजणी तिला सावरायला पुढे झाल्या, रीत पार पडली. आइझिरेक मात्र रडेना. ती बोटांवर काहीतरी मोजत होती. मग उठून ती दाराशी उभ्या असलेल्या एजेंकडे आली.

"सोमवारी गेली?"

"हो गं, सोन्या."

"मग बुधवारी फोन नव्हता आला."

एजेंची मान खाली गेली.

"म्हणजे ती माझ्यावर रागावूनच गेली," पोर म्हणाली. आत्ता कुठे तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"नाही गं बाळा, नाही! एवढ्यातेवढ्यावरून कुठली आई रागावते? तिचा जीव होता तुझ्यावर!"

आठवडाभरात एजे बोललेलं हे पहिलंच खरं वाक्य. आइझिरेकने वडीलधाऱ्यांपुढे हलवावी तशी मान हलवली. विश्वास मात्र तिने ठेवला नाही.