उपकारस्तुतीचा चिवडा

बदलीबाई म्हणजे दुसऱ्याच्या खुर्चीवर बसणारी बाई. खुर्ची जरा ऊबदार झाली की उठायचं, हा तिचा धर्म. विनोदिनी गायकवाड हा धर्म सात वर्षं इमानेइतबारे पाळत होती. बेळगावात कुणी बाई बाळंतपणाला गेल्या, कुणा गुरुजींचा पाय मोडला, कुणाला निवडणुकीच्या कामाला जुंपलं, की हेडमास्तर हिला फोन करायचे. "लोकांच्या दुखण्याखुपण्यावर माझी पोळी भाजतेय," असं ती हसत म्हणायची. हसायची खरी, पण तिशी जवळ आली होती आणि हसू हल्ली घशातच अडकत होतं.

सध्या ती गावातल्याच अनगोळच्या एका मराठी शाळेत पाचवीला शिकवत होती. मूळच्या बाई बाळंतपण आटपून येत्या सोमवारी हजर होणार होत्या. म्हणजे विनोदिनीचा हा शेवटचा आठवडा. तिकडे निपाणीच्या एका शाळेत कायमची जागा निघाली होती आणि गुरुवारी मुलाखतीला बोलावणं आलं होतं. कायमची! हा शब्द ती मनात घोळवायची आणि पोटात गुदगुल्या व्हायच्या. शनिवारी एक नोकरी संपणार, गुरुवारी दुसरी मिळणार किंवा नाही मिळणार. मधे फक्त देव आणि कर्नाटक परिवहनची लाल बस.

सोमवारी वर्गात पाऊल टाकलं तोच पहिल्या बाकावरची तेजस्वी उभी राहिली. "बाई, तुमी अजून किती दिवस?"

हा प्रश्न बदलीबाईच्या पाचवीलाच पुजलेला. पहिल्या दिवशी पोरं विचारतात ती धाक किती धरायचा ते ठरवायला, आणि शेवटी विचारतात तेव्हा त्यांना खरंच वाईट वाटत असतं. विनोदिनीला दोन्हीतला फरक नेमका कळायचा. "शनिवारपर्यंत," ती म्हणाली आणि घाईघाईने फळ्याकडे वळली.

संध्याकाळी खासबागला घरी आली तर स्वयंपाकघरात पोह्यांची ही मोठी पिशवी आणि आईच्या कपाळावर आठ्या. आई, म्हणजे सगुणाबाई, आधीच कमी बोलणारी. त्यात ती मुकाट्याने शेंगदाणे निवडत बसली म्हणजे आप्पांनी काहीतरी करून ठेवलंय हे नक्की.

आप्पांनी खरंच करून ठेवलं होतं. आप्पा, म्हणजे तिचे वडील शांतवन गायकवाड. मिशन दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर, चर्चमधले ढोलकीवाले आणि रविवारच्या भरल्या भक्तीत, म्हणजे उपासनेत, ज्यांचा मोबाईल हमखास वाजतो ते हेच. त्यांच्या चर्चची एक रीत होती. कुणाला नोकरी लागली, कुणी दुखण्यातून उठलं, कुणाला नातू झाला, की त्या घराने रविवारी पुढे उभं राहून उपकारस्तुती करायची आणि नंतर बाहेर सगळ्यांना चहा-चिवडा द्यायचा. आप्पा त्या दिवशी चर्चच्या धर्मगुरूंकडे, म्हणजे पाळकसाहेबांकडे जाऊन येत्या रविवारच्या उपकारस्तुतीला नाव देऊन आले होते. नोकरी लागल्याबद्दल. मुलाखतीच्या तीन दिवस आधी!

"बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी," आईने शेवटी तोंड उघडलं.

"आप्पा! अहो, अजून मुलाखत व्हायचीय माझी!"

"मग? देवाकडं मागताना रडतोंडानं जायचं न्हाय, विनू. आधी आभार, मग काम. ह्याला इस्वास म्हणत्यात."

"आणि न्हाय झालं काम तर?"

आप्पांनी पोह्यांच्या पिशवीकडे पाहिलं. "तर लोकं चिवडा तरी खातील की गं!"

विनोदिनीला राग आला आणि हसूही आलं. आधी हसूच बाहेर पडलं, त्यामुळे रागाची पंचाईत झाली.

मंगळवारी शाळा सुटल्यावर तिने गावातल्या आणखी दोन शाळांचे उंबरे झिजवले. एकीकडे "पुढच्या वर्षी बघू" मिळालं आणि दुसरीकडे पाणीही मिळालं नाही. बुधवारपर्यंत आप्पांची बातमी चर्चभर झाली होती. ती चर्चमधल्या उपवास-प्रार्थनेला गेली तर बायका गराडा घालून उभ्या. शालूबाईंनी तर पिशवीतून मोरपंखी साडी काढून हातावरच ठेवली. "हीच नेसून जा गं. माझ्या सुनेला हीच नेसून नोकरी लागली. हिला यश हाय." आता ज्या बाईने यशाची साडी घरातून काढून दिली, तिला नाही कसं म्हणायचं? मुलाखतीत क्षेत्रफळाचा पाठ घ्यायचा असं बोलावण्यातच लिहिलं होतं, म्हणून त्या दिवशी विनोदिनीने घरी येऊन रंगीत तक्ता केला. चौरस हिरवे, आयत पिवळे, कडेने लाल पट्टी. तक्ता असा देखणा झाला की आईनेसुद्धा हात पुसून पाहिला.

गुरुवारी मोरपंखी साडी, हातात तक्त्याची सुरळी, डब्यात भाकरी आणि मनात धडधड घेऊन ती निपाणीच्या बसमध्ये बसली. आधारकार्ड दाखवून बायकांना मिळणारं फुकटचं शून्य तिकीट घेतलं, सुरळी वरच्या फळीवर ठेवली, आणि काकतीपासून तवंदी घाटापर्यंत पाठ मनातल्या मनात म्हणत राहिली. निपाणीला उतरली तेव्हा पाठ तोंडपाठ होता. तक्ता मात्र फळीवर बसून पुढे कोल्हापूरला निघून गेला होता.

बस वळणाआड गेल्यावर तिला हात रिकामा असल्याचं कळलं. रडावंसं वाटलं. पण रडायला वेळ कुठे होता?

मुलाखतीला दोघेच होते. हेडमास्तर श्रीपाद सर, कडक इस्त्रीचे आणि मोजक्या शब्दांचे. दुसरे संस्थेचे चेअरमन आण्णाप्पा, ऐसपैस देहाचे. "कन्नड येतंय का?" असं आण्णाप्पांनी विचारलं. ती कन्नडमध्येच "बर्तैत्री", म्हणजे येतंय की, म्हणाली, तसे ते खूश झाले. सर म्हणाले, "पाचवीवर पाठ घ्या. क्षेत्रफळ. आम्ही मागे बसतो."

वर्गात शिरून तिने फळ्याकडे पाहिलं. तक्ता नाही. पोरांकडे पाहिलं. अनोळखी डोळे. मग खाली पाहिलं. जमिनीवर शहाबादी फरशी होती. करडी, चौकोनी, कडेकोपऱ्यापर्यंत सरळ ओळीत बसवलेली.

"बाकं भिंतीला लावा!" ती म्हणाली. "आज ह्या वर्गाची जमीन आपल्याला मोजायचीय. पट्टी न्हाय, टेप न्हाय. कशानं मोजायची सांगा?"

पोरं वाकून खाली बघायला लागली. मग कुणीतरी ओरडलं, "फरशीनं!"

आणि वर्ग जमिनीवर आला. कुणी रांगतंय, कुणी खडूने खुणा करतंय, कुणी मोजलेलं विसरून पुन्हा पहिल्यापासून. दोन गटांची उत्तरं जुळेनात. भांडण लागलं. "एक फरशी तुम्ही न्हाय धरली!" "तिच्यावर खुर्ची हाय!" एक चिमुरडी ताडकन उठून मागे गेली आणि आण्णाप्पांसमोर उभी राहिली.

"आण्णा, पाय वर घ्या. फरशी मोजायचीय."

सगळ्या पोरांनी माना मागे वळवल्या. चेअरमनसाहेबांना निपाणीत कुणी असं सांगितलं नसेल. आण्णाप्पांनी पोरीकडे पाहिलं, खाली फरशीकडे पाहिलं, आणि धोतर सावरत दोन्ही पाय उचलून धरले. मोजणी जुळली! पोरांनी अशी आरोळी ठोकली की शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावून गेले.

आता प्रत्येक फरशी मोजत बसायची गरज आहे का, एका बाजूच्या ओळी आणि एका ओळीतल्या फरश्या कळल्या तर भागेल का, असं ती विचारते न विचारते तोच तास संपल्याची घंटा झाली. विनोदिनी रंगात आली होती. मुलाखत, साडी, आण्णाप्पा, सगळं विसरली होती. सात वर्षांच्या सवयीने तोंडातून निघून गेलं, "राहिलेलं उद्या! आणि अभ्यास लिहून घ्या. घरातल्या एका खोलीची जमीन मोजून आणायची. फरशी नसली तर पावलांनी. उद्या मी सगळ्यांचा तपासणार!"

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. उद्या? कुठलं उद्या?

श्रीपाद सरांनी भुवई उंचावली. "उद्या येणार आहात का तुम्ही?"

"सॉरी सर. सवयीनं..." ती घाईने फळा पुसायला लागली.

"कळवतो," सर म्हणाले.

कळवतो! हा शब्द ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. परतीच्या बसमध्ये तिने स्वतःलाच बोल लावला. तक्ता हरवला, चेअरमनचे पाय वर करायला लावले, आणि वर पोरांना अभ्यास देऊन आली. मुलाखतीला आलेली बाई अभ्यास देते का कधी? लग्नात वाढायला आलेल्याने आहेर मागावा तसलं झालं.

शुक्रवारी फोन आला नाही. शनिवारी सकाळची शाळा झाली, अनगोळच्या पोरांनी निरोपाला कण्हेरीची फुलं आणि पेढे दिले, तेजस्वी रडली, तरी फोन आला नाही. घरी आली तर आई कढईत पोहे भाजत होती आणि घरभर खमंग वास सुटला होता. त्या वासाने विनोदिनीचा बांध फुटला.

"आप्पा, ते नाव काढून टाका. सोमवारपासून मला कुठलीच शाळा न्हाय. आणि उद्या सगळ्यांपुढं उभं राहून नोकरी लागली म्हणून आभार मानू? माझं हसं करू नका हो!"

आप्पांचा चेहरा उतरला. ढोलकीची दोरी ताणत होते, ती हातातच राहिली. "बरं," एवढंच म्हणाले आणि चपला घालून पाळकसाहेबांकडे गेले. परत आल्यावर म्हणाले, "सांगितलं." तिला हायसं वाटलं, आणि आप्पांचा पडलेला चेहरा पाहून वाईटही वाटलं.

रविवारी तिने रीतीप्रमाणे फोन बंद करून पर्समध्ये टाकला आणि आईशेजारी बसली. गाणी झाली, बायबलमधलं वचन झालं, दान झालं. भक्ती संपत आली तसे पाळकसाहेब चष्मा सावरत म्हणाले, "आणि शेवटी, आपले शांतवनराव. त्यांच्या कुटुंबाची उपकारस्तुती."

विनोदिनीने झटकन आप्पांकडे पाहिलं. ते ढोलकीमागून ओशाळून पुटपुटले, "सांगितलं हुतं की. शेवटी घ्या म्हणून."

आता काय करणार? सगळं चर्च माना वळवून पाहत होतं. शालूबाई डोळे पुसायला पदर घेऊन तयारच होत्या. विनोदिनी उठली. आई तिच्या पाठीवर हात ठेवून बरोबर आली. खरं काय ते सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं. नोकरी नाही लागली, पण चिवडा घेऊन जा.

आप्पांनी घसा खाकरला आणि त्यांच्या खिशातला मोबाईल वाजला. खणखणीत, भर चर्चमध्ये, नेहमीसारखा.

"शांतवनराव!" पाळकसाहेबांनी कपाळावर हात मारला.

आप्पांनी घाबरून फोन बंद करायला म्हणून जे दाबायचं नाही तेच दाबलं. कानाने कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा फोन सदा स्पीकरवर. आवाज थेट वेदीपर्यंत घुमला.

"हॅलो! निपाणीहून आण्णाप्पा बोलतोय. विनोदिनी बाईंचा फोन बंद लागतोय. अर्जावर ह्यो दुसरा नंबर हुता."

"मी... मी बोलतेय, आण्णा." तिने आप्पांच्या हातातला फोन दोन्ही हातांनी धरला.

"अवो बाई, काय करून ठिवलंय तुमी? शुक्रवारी सगळी पाचवी अभ्यास करून बसली. दुसऱ्या एक बाई आलत्या पाठ घ्यायला, लई झकास तक्ता घेऊन. तर पोरं त्यांनाच इचारत्यात, कालच्या बाईंचा अभ्यास तुमी तपासनार का म्हणून! काल बी तेच. सरांचं डोस्कं खाल्लंय पोरांनी. आत्ताच कमिटी बसली. अभ्यास देऊन गेलाय तुमी, तपासायला कोन येनार? मी?"

चर्चमध्ये हशा पिकला. विनोदिनीला मात्र काही ऐकू येत नव्हतं. सात वर्षांची सवय एकदम सुटते थोडीच? तिने विचारलं, "किती दिवसांसाठी, आण्णा?"

"किती दिवस म्हंजे? कायमचं बोलवतोय की वो तुमाला! उद्या सकाळी या."

आई कधी कुणासमोर रडत नसे. ती तिथेच, सगळ्यांपुढे, मुलीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. आप्पा नुसते उभे होते आणि आभाराची जी वाक्यं त्यांनी आठवडाभर पाठ केली होती त्यातलं एकही त्यांना आठवेना.

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "शांतवनराव," ते म्हणाले, "आता तो फोन बंद करा आणि ढोलकी घ्या."

त्या दिवशी कुणी घाईने घरी गेलं नाही. चिवडा कमी पडला.