बोलायचं नाही, मणी सरकवायचा

“अख्खी शाळा एका झाडूत उरकते, आणि या राणीसाहेबांना मात्र एकेक मणी पुसून हवा,” मावशी माझ्या अगदी तोंडाशी येऊन पुटपुटत होत्या. पुटपुटता पुटपुटता त्यांचं ओलं फडकं प्रत्येक तारेवरून फिरत होतं.

मित्रांनो, जिच्या नावाने हा उद्धार चालला होता ती मी. पहिलीच्या वर्गातली, मणी मोजायची जुनी चौकट.

एका सुताराने दाराच्या उरलेल्या लाकडातून मला घडवलं. दार झाले असते तर जन्मभर आपटून घेतलं असतं. चौकट झाले म्हणून पोरांची चिकट बोटं तरी लाभली. किती मुलं माझ्यावर बेरीज शिकली! त्यांतली काही आता स्वतःची मुलं सोडायला येतात आणि मला ओळखही दाखवत नाहीत. चालायचंच. पुढे भिंतीवर चकचकीत पडदा आला आणि माझी रवानगी कपाटावर झाली. तिथे मी धूळ खाल्ली. तिने पोट भरत नाही, एवढं अनुभवाने सांगते.

मग एके दिवशी पहिलीच्या बाई स्टुलावर चढल्या आणि त्यांनी मला खाली काढलं. वर्गात नवा नियम आला. उत्तर तोंडाने सांगायचं नाही, मणी सरकवून दाखवायचं. अक्षर विचारलं तर वाळूच्या ताटात बोटाने काढायचं. नव्या पद्धतीची वाहवा झाली, आणि तिच्यासोबत थोडी माझीही.

खरं कारण मला भुंग्यामुळे कळलं. भुंगा म्हणजे पुढच्या बाकावरचा, दिवसभर गुणगुणणारा मुलगा. आधी बाई त्याच्यावर डोळे वटारायच्या. हल्ली वटारत नसत. मुलांना वाटलं, बाई मायाळू झाल्या. मायाळू त्या होत्याच. पण भुंगा आता त्यांना ऐकूच येत नव्हता.

हे मावशींना ठाऊक होतं, शेजारच्या वर्गावरच्या गुरुजींनाही होतं. पण बोलायचं कुणी? बोललं की वर्ग जाणार, आणि पहिलीचा वर्ग म्हणजे बाईंचा जीव.

मावशी मला पुसत होत्या त्या दिवशी मोठ्या बाई वर्ग बघायला येणार होत्या. एका आईने तक्रार केली होती. रात्री लेकीला विचारलं, गोष्टी किती सांगू, तर ती तोंड मिटून हवेत बोट सरकवते. या लेकीला वर्गात सगळे खारूताई म्हणत.

बाई सकाळी बाह्या सरसावूनच आल्या. एका कोपऱ्यात मुलं बिया निवडायला बसली, दुसऱ्यात तराजूत दगड आणि लोकर तोलायला. लोकरीचा डोंगर झाला तरी पारडं हलेना, तेव्हा भुंग्याने स्वतःची टोपीही वर ठेवली. बाई प्रत्येकाजवळ खाली बसत, तोंडाकडे बघत. वर्ग कसा रंगला होता!

मोठ्या बाईंनी खारूताईला विचारलं, झाडावर सात पक्षी होते, तीन उडाले, उरले किती? तिने माझ्याकडे धाव घेऊन चार मणी सरकवले. तोंडाने सांग, म्हटल्यावर मात्र ती गप्प. आमच्या वर्गात तसं चालत नाही, असं भुंग्याने समजावलं. दारातल्या मावशी घाईघाईने म्हणाल्या की पंख्याचा आवाज फार होतो हो. पंखा बंद होता.

मोठ्या बाईंनी पंख्याकडे पाहिलं आणि त्यांना सगळं उमगलं. पण माणूस म्हणून त्याही भल्या. मुलांसमोर बोभाटा नको म्हणून फळ्याकडे वळलेल्या बाईंच्या पाठीमागे जाऊन त्या हळूच म्हणाल्या की पुढच्या महिन्यापासून पुस्तकांची खोली सांभाळा, दमणूक कमी होईल, पहिली दुसऱ्या कुणाला देऊ. माझ्याजवळ उभ्या असलेल्या खारूताईला तेवढं ऐकू गेलं.

बाईंना पाठीमागे कुणीतरी असल्याचं तेवढं जाणवलं. त्या वळल्या, हसल्या आणि म्हणाल्या, “हो, चालेल की.”

मित्रांनो, माझे मणी पुसलेत की नाही, याने फारसं बिघडत नाही. पण ज्याला ऐकू येत नाही त्याच्या पाठीमागून बोलू नका. समोर या. तोंड दिसू द्या. हळू बोलण्याने माया पोचत नाही, नुसता गैरसमज पोचतो.

समोर आली ती खारूताई. नियम मोडून. बाईंची बाही ओढून तिने त्यांना खाली वाकवलं, दोन्ही हातांनी त्यांची हनुवटी स्वतःकडे वळवली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “बाई, त्या आपला वर्ग काढून घेतायत. आणि तुम्ही हो म्हणालात.”

बाईंनी खडू खाली ठेवला, हात झटकले आणि मोठ्या बाईंच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

“मला ऐकू येत नाही,” त्या म्हणाल्या. “परत सांगा, माझ्याकडे बघून. या वेळी मी नाही म्हणणार आहे.”