दोन नावांची कुस्ती

कोल्हापुरात एक वेळ माणसाला शिवी दिलेली चालते, पण त्याचं नाव बारीक लिहिलेलं चालत नाही. शिवी काय, दिली-घेतली आणि विसरली. नाव भिंतीवर राहतं, आणि येणारा-जाणारा ते बघून जातो. त्यातून ते पैलवानाचं असलं तर मग विचारायलाच नको.

नजीराला हे कळलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबागेचं मैदान तेव्हा नवंकोरं होतं. गावोगावचे मल्ल तिथं लढायला येत, आणि कोण कुणाशी लढणार हे लोकांना कळावं म्हणून शहरभर जाहिराती लागत. त्यातल्या बऱ्याच जाहिरातींचं अक्षर एकाच माणसाचं असे, नजीराच्या अब्बांचं. नबीलाल त्यांचं नाव. शाहूपुरीत गणपतरावांचा शिळाप्रेस होता, तिथं ते लिहायला होते. खळ लावलेल्या पिवळ्या कागदावर तेलकट शाईनं ते बोरूनं लिहीत. तो कागद दगडावर पालथा दाबला की अक्षर दगडावर उलटं उतरे आणि दगडावरून छापलं की पुन्हा सुलटं होई. जाहिरातीच्या खालच्या कोपऱ्यात, दिसेल न दिसेल असं, एक ओळ असे: लिहिणार नबीलाल.

नजीराला हेच काम शिकायचं होतं. मुलींच्या शाळेत ती वाचायला शिकली होती, पण वाचण्यापेक्षा अक्षराकडे नुसतं बघत बसण्यातच तिचा जीव जास्त रमे. अब्बांनी तिला बोरू तासायला शिकवलं आणि पुढचा सगळा पावसाळा फक्त उभे दंड काढायला लावले. ती वैतागून म्हणाली, "अब्बा, अक्षर कवा काढायचं?" तर म्हणाले, "आधी सरळ हुबं ऱ्हायला शीक. मग नाच." तिनं लिहिलेला कागद ते नेहमी उलटा धरून बघत. सुलटा धरला की माणूस वाचायला लागतो आणि चुका दिसत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. उलट्या कागदावर ग चं पोट सुटलेलं आणि म ची कंबर मोडलेली लगेच ओळखू येई.

घरात या शिक्षणाला विरोध होता तो अब्बांच्या बहिणीचा. मेहरुन्निसाफुफीनंच आई गेल्यापासून नजीराला वाढवलेलं, त्यामुळे तिच्या बोलण्याला वजन होतं. "पोरीच्या बोटाला मेंदी पायजे, शाई न्हवं," ती म्हणे. "बाईमाणसाचं नाव चार जणांच्या तोंडात येऊ ने म्हणत्यात, आणि तू हिला भितीवर चढवाय निघालाईस!"

शेवटी अब्बांनी मधला मार्ग काढला. खासबागेतल्या मोठ्या कुस्तीची एक जाहिरात आली होती. ती नजीरानं लिहायची, गणपतरावांना न सांगता. भिंतीवर लागली तर तिला पुढचं सगळं शिकवायचं, दगडावरचं कामसुद्धा. नाही लागली तर बोरू ठेवून द्यायचा आणि फुफी म्हणेल ते ऐकायचं. नजीरा एका पायावर तयार झाली. तिला वाटलं, दोन तर नावं लिहायची, त्यात काय अवघड आहे?

अवघड होतं ते असं. खालच्या तालमीचा पैलवान होता गुंडू माने. वरच्या तालमीचा होता आकाराम गडहिंग्लजकर. एकाच्या आईबापांनी नाव ठेवताना काटकसर केली होती, दुसऱ्याच्या गावानंच केली नव्हती.

वर कुणाचं नाव घ्यायचं हा वाद गणपतरावांनी आधीच चिठ्ठ्या टाकून मिटवला होता. गुंडूचं वर आलं. नजीरानं विचार केला, दोघं बरोबरीचे, तर दोघांना जागाही बरोबरीची द्यावी. तिनं दोन सारख्या ओळी आखल्या आणि दोन्ही नावं या कडेपासून त्या कडेपर्यंत भरली. कोपऱ्यात सवयीनं अब्बांचं नाव घातलं. कागद दगडावर गेला, कच्चा छाप निघाला, आणि तो बघायला दोन्ही तालमींचे वस्ताद प्रेसमध्ये आले. नजीरा अब्बांची भाकरी घेऊन आली होती, ती मागच्या दाराशी थांबली.

वरच्या तालमीच्या पिराजी वस्तादांनी छाप हातात घेतला आणि त्यांच्या मिशाच थरथरायला लागल्या.

"नबीलाल, आमचं पोरगं रोज बादलीभर दूध पितंय, आणि तुमी त्याला पार उपाशी ठिवलाय की! त्यो गुंडू बघा, वांग्यावानी फुगलाय. आणि आमचा आकाराम? मुंग्यांची रांग हाय व्हय ही?"

तसं ते खरंच होतं. जागा सारखी, पण गुंडूच्या वाट्याला मोजकी अक्षरं, ती ऐसपैस बसली होती. आकारामाची बिचारी एकमेकांच्या मांडीवर.

"असल्या जाहिरातीवर आमचा पैलवान मैदानात पाय ठेवायचा न्हाय," असं बजावून पिराजी वस्ताद गेले.

नजीरानं दुसरा कागद घेतला. या वेळी तिनं एकच बोरू घेतला, दोन्ही नावांची उंची सारखी ठेवली. आकारामाचं नाव कसंबसं मावलं, अगदी कडेला टेकलं. गुंडूच्या दोन्ही बाजूंना मात्र जागा उरली. ती तिच्या डोळ्यांना खुपायला लागली. मग तिनं तिथं वेली काढल्या, वेलींना फुलं काढली, फुलांत एकेक गदा ठेवली. तिला स्वतःला ते इतकं आवडलं की फुफीलाही नेऊन दाखवलं. फुफी म्हणाली, "झंपरावर छान दिसंल." नजीरानं तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

दुसरा छाप बघून खालच्या तालमीचे सयाजी वस्ताद उखडले. "आमचा पैलवान कुस्ती खेळाय चाललाय का बोहल्यावर चढाय? लग्नाची पत्रिका केलीसा की ही!"

पिराजी वस्ताद वेगळ्याच कारणानं चिडले होते. "पत्रिका तर पत्रिका. पर वेल त्येंनाच का? आमी काय पाप केलंय?"

दोन वस्ताद एकमेकांना भिडले असते तर मैदानाची गरजच उरली नसती. गणपतराव मध्ये पडले. छापाच्या कोपऱ्यावर बोट ठेवून ते सगळ्यांसमोर म्हणाले, "खाली तुमचं नाव, आणि वर हे असलं काम, नबीलाल? उद्या दुपारपतोर जमलं तर बघा. न्हायतर मी सरळ शिशाच्या तयार अक्षरांचे खिळे जुळवून घेतो."

अब्बा एका शब्दानं सांगू शकले असते की हे माझं काम नव्हे, पोरीचं आहे. त्यांनी सांगितलं नाही. मान खाली घालून ऐकून घेतलं आणि शाईची वाटी झाकून ठेवली. या वेळीही मागच्या दाराआड उभ्या असलेल्या नजीराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शहराला ज्यांचं अक्षर पाठ होतं त्या माणसाला तिच्यापायी बोलणं खावं लागलं होतं. बोरू सुटणार याचंही दुःख होतं, पण त्या घटकेला ते मागं पडलं.

घरी जाताना ती खासबागेवरून गेली. मैदान जवळजवळ रिकामं होतं. ती वरच्या कडेला जाऊन उभी राहिली. खाली चहूबाजूंनी उतरत गेलेली बैठक आणि मधोमध लाल मातीचा हौदा. हौद्यात दोन पोरं खडाखडी करत होती. एवढं अफाट मैदान, पण तिची नजर दुसरीकडे कुठंच जाईना, त्या दोघांवरच जाऊन बसली. त्यांच्या आजूबाजूची माती मोकळी आहे म्हणून तिथं कुणी फुलांच्या कुंड्या आणून मांडल्या नव्हत्या. पोरं लांबून एवढी एवढीशी दिसत होती, तरी कोण कुणाचा पट काढतोय ते स्वच्छ कळत होतं.

नजीरा तिथं बराच वेळ उभी राहिली. मग घरी आली ती जवळजवळ पळतच.

तिसऱ्या कागदावर तिनं पहिल्यांदा काय केलं असेल तर टाकून द्यायला सुरुवात केली. वेली गेल्या, गदा गेल्या. 'अवश्य या' गेलं, 'पुन्हा अशी कुस्ती होणे नाही' गेलं. उरलं ते एवढंच: कुस्ती, दोन नावं, खासबाग मैदान, रविवार. मग तिनं छातीवर दगड ठेवून दोन्ही नावं आधीपेक्षा बारीक केली. बोरू एकच, उंची एकच, आणि आकारामाचं लांबलचक नावसुद्धा कडेला कुठं टेकणार नाही इतकी मोकळी जागा भोवती. कागद उलटा करून बघितला. आकारामाच्या डाव्या बाजूला जरा जास्त भार वाटला म्हणून पुन्हा लिहिला. शेवटी कोपऱ्यापाशी येऊन ती थांबली. अब्बांचं नाव घालायला तिचा हात धजेना. पुन्हा बोलणं खायची वेळ आली तर ती त्यांच्यावर यायला नको. कोपरा तिनं तसाच कोरा सोडला.

अब्बांनी सकाळी कागद बघितला, उलटा करून बघितला. कोऱ्या कोपऱ्याकडेही बघितलं. मग ते कागद घेऊन निघाले, आणि नजीरा त्यांच्या मागोमाग निघाली.

छाप निघाला आणि वस्ताद जमले. सयाजी वस्तादांनी तो हातात घेतला मात्र. "हे काय? बाजूचं रान पडीकच ठिवलंय की! आमच्या पैलवानाला मागं-म्होरं कोण न्हाय काय?"

पिराजी वस्ताद बोटानं अक्षरांची उंची मोजत होते. "आणि दोन्ही बारीक केल्याती. ह्याच्यापरास तर पयलीच बरी हुती म्हणायची पाळी आली."

गणपतरावांनी अब्बांकडे बघितलं. अब्बा काही बोलायच्या आत मागच्या दारातून नजीरा पुढं आली. पदर डोक्यावर होता, पण आवाज खणखणीत होता.

"वस्ताद, ते मी लिवलंय. तिन्ही बी मीच लिवली. अब्बांचा त्यात काय दोष न्हाय."

प्रेस फिरवणाऱ्या गड्याचा हात जागच्या जागी थांबला. नजीराला आता बोलून टाकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"जाहिरात हातात घिऊन बघायची नसती. कुस्ती काय तुमी हातावर घिऊन बघतासा व्हय? ती म्होरच्या भितीवर लावा आणि रस्त्यापलीकडनं बघा. मग काय बोलायचं ते बोला."

एका पोरीनं दोन वस्तादांना असं सुनावलेलं शाहूपुरीनं आजवर ऐकलं नव्हतं. पण तिनं दिलेला दाखला कुस्तीचा होता, त्यामुळे दोघांना नाही म्हणता येईना. गड्यानं छाप भिंतीवर डकवला. त्या भिंतीवर आधीच चहाच्या, औषधाच्या, केसांच्या तेलाच्या जाहिराती खच्चून भरलेल्या होत्या. सगळे रस्ता ओलांडून पलीकडं गेले आणि वळले.

बाकीच्या जाहिराती एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. त्या गर्दीत एक तुकडा पांढरा होता आणि त्यात दोन नावं समोरासमोर उभी ठाकली होती.

तेवढ्यात गुळाच्या ढेपा भरलेली एक बैलगाडी आली. गाडीवानानं बैलांना न थांबवता भिंतीकडे बघितलं आणि मोठ्यानं वाचलं, "गुंडू माने... आकाराम गड-हिंग्लजकर!" मग उभ्या असलेल्या मंडळींना त्यानं विचारलं, "काय पावणं, रविवारीच हाय न्हवं?" आणि उत्तराची वाट न बघता पुढं गेला.

सयाजी वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला. "तसं बघाय गेलं तर आमचंच मोठं दिसतंय."

"आमचं," पिराजी वस्ताद म्हणाले. "डोळं तपासून घ्या."

दोघंही आपापल्या जागी खूश होते. कुस्ती कोण जिंकलं तेही पुढं दोन्ही तालमी वेगवेगळंच सांगत राहिल्या, त्यामुळे त्यात आपण पडायला नको. गणपतरावांनी नजीराकडे बघितलं, अब्बांकडे बघितलं आणि म्हणाले, "छापा."

अब्बा तिला एवढंच म्हणाले, "घरी जा. मला दगडावर जरा काम हाय."

नजीरा घरी आली. जिंकलो की नाही हेच तिला कळेना. अब्बांच्या तोंडून शाबासकीचा एक शब्द आला नव्हता. आपण चारचौघांत पुढं होऊन बोललो हे त्यांना आवडलं नसेल, असं तिच्या मनानं घेतलं. अब्बा उशिरा आले, जेवले आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुफी तिला बाजाराला घेऊन निघाली. बाजारात शिरतानाच्या भिंतीवर जाहिरात लागलेली होती. चार-सहा माणसं पुढ्यात उभी होती. फुफीला वाचता येत नव्हतं, पण तीही थांबली.

"हीच व्हय ती? बरी दिसती की. एवढा आटापिटा केलास, तुझं काय हाय ह्यात?"

काही नाही, असं नजीरा म्हणणार होती. सवयीनं तिची नजर खालच्या कोपऱ्यावर गेली. तिनं कोरा सोडलेला कोपरा आता कोरा नव्हता. तिथं एक ओळ होती: लिहिणार नजीरा. अक्षर अब्बांचं होतं. न चा दंड त्यांच्यासारखा शहरात दुसरं कुणी ओढतच नव्हतं. छाप निघाल्यावर दगडावर भर घालायची तर ती उलटीच लिहावी लागते. काल संध्याकाळी दगडावर वाकून अब्बांनी तिचं नाव उलट्या अक्षरांत लिहिलं होतं. त्यांचं स्वतःचं नाव जेवढं असे तेवढंच, त्याच उंचीचं, त्याच जागी.

नजीराच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं कोपऱ्यावर बोट ठेवलं. "फुफी, हे माझं नाव हाय. अब्बांनी लिवलंय."

फुफीनं मागं वळून बघितलं. माणसं उभी होती, वाचत होती. बाईमाणसाचं नाव भर बाजारात चार जणांपुढं भिंतीवर होतं. नजीरानं बोलणी खायची तयारी केली.

फुफी भिंतीपाशी वाकली. डोळे बारीक करून तिनं कोपऱ्याकडे बघितलं, मग वर गुंडू मानेकडे बघितलं, आकारामाकडे बघितलं, पुन्हा कोपऱ्याकडे बघितलं, आणि तिचा पारा चढला.

"एवढं बारीक?" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की सगळी माणसं वळली. "त्या दोघांचं एवढं एवढं, आणि आमच्या पोरीचं मुंगीएवढं? मोठं लिवाय काय हात दुखत हुता व्हय तुझ्या बाचा? चल माघारी. त्याला इचारतो मी!"